मोठा पडदा, शेवटची रांग

पत्र :

नमस्कार. आठ दिवस झाले, आमच्या घरात सिनेमाच्या तिकिटावरून धुसफुस चालू आहे. लेकीला येणारा एक सिनेमा आयमॅक्समध्येच, म्हणजे त्या अवाढव्य पडद्याच्या थिएटरातच, बघायचाय. 'तो आयमॅक्सच्या कॅमेऱ्यांवर चित्रित झालाय, साध्या पडद्यावर बघणं म्हणजे न बघणंच,' असं तिचं म्हणणं. तिकीट साध्याच्या दुपटीहून जास्त आणि आम्ही चौघं : आम्ही दोघं, लेक आणि सासूबाई. आमचे हे म्हणतात, सगळी लूट आहे. मागच्या वर्षी लेकीच्या हट्टापायी अशाच मोठ्या पडद्यावर एक सिनेमा पाहिला. ह्यांनी मुद्दाम शेवटची रांग घेतली, मागून चांगलं दिसतं म्हणून. पडद्याच्या वर-खाली दोन-दोन हात काळे पट्टे, आणि सिनेमाभर माणसं खोलीत बसून बोलताहेत! 'पडदा मोठा, चित्र तेवढंच' हे वाक्य तेव्हापासून घरात येता-जाता ऐकू येतं. मला मात्र तिथला आवाज फार आवडला होता, पण ते बोलायची सोय नाही. आता पहिल्या शनिवारच्या खेळाला पुढच्या दोन रांगांतल्या कडेच्या खुर्च्या तेवढ्या उरल्यात. लेक म्हणते घेऊन टाकू, पैसे मी देते. (नुकती नोकरीला लागलीय.) सासूबाईंना मानेचा त्रास आहे. जास्तीच्या पैशांत खरंच काही मिळतं का, की नुसता नावाचा बडेजाव?

— दोघांच्या मध्ये सापडलेली

ताई,

शनिवारच्या त्या खुर्च्या घेऊ नका. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही हे वाचेपर्यंत लेकीने 'आता शेवटच्या चारच उरल्यात' असा धोशा लावलेला असणार. पुढच्या रांगेतली कडेची खुर्ची फुकट मिळाली तरी घेऊ नये, दुप्पट पैसे मोजून तर नाहीच. मी एकदा घेतली होती. त्या सिनेमाची सहा महिने वाट पाहिली होती, धीर धरवला नाही. अडीच तास नायकाची हनुवटी पाहिली. त्याचं कपाळ वर कुठेतरी निमुळतं होत गेलेलं. पडद्याचं दुसरं टोक एवढं लांब की तिकडे कोण बोलतंय ते बघायला मान वळवावी, तोवर तो बोलून मोकळा. बाहेर पडल्यावर मैत्रीण म्हणाली, "काय भव्य होतं ना!" आणि मीही "हो ना" म्हटलं. एवढे पैसे मोजल्यावर दुसरं काय म्हणणार?

आता काळ्या पट्ट्यांचं बघू. तुमचे यजमान त्या बाबतीत शंभर टक्के बरोबर आहेत.

प्रत्येक सिनेमाची एक चौकट ठरलेली असते. रुंदी उंचीच्या किती पट, हे दिग्दर्शक आणि छायाचित्रकार चित्रीकरणाआधीच ठरवतात. भव्य म्हणून मिरवणारे बरेच सिनेमे २.३९ पट रुंद असतात, म्हणजे लांबट पट्टीसारखे. मल्टिप्लेक्समधला आयमॅक्सचा पडदा मात्र साधारण १.९० पट रुंद, म्हणजे रुंदीच्या मानाने बराच उंच. समजा, पडदा २० मीटर रुंद आहे. मग त्याची उंची साडेदहा मीटर. त्यावर २.३९ चा सिनेमा लावला की चित्र ८.४ मीटर उंचीतच संपतं. उरलेले दोन मीटर काळे, निम्मे वर आणि निम्मे खाली. ज्या उंचीसाठी तुम्ही जादा पैसे दिले, तिचा पाचवा हिस्सा रिकामा राहिला. पूर्वी चांगल्या थिएटरांत अशा रिकाम्या जागेवर काळं कापड सरकवून चित्राला नीट कडा देत. आता बऱ्याच ठिकाणी ती तसदी कोणी घेत नाही, आणि काळा म्हणवणारा पट्टा प्रत्यक्षात करडा दिसत राहतो. तो एकदा डोळ्यात भरला की मग सिनेमाभर तोच दिसतो. यजमानांचं नेमकं तेच झालं असावं.

त्यांच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग, 'चित्र तेवढंच', मला जास्त आवडला. कारण तो मोजता येतो.

डोळ्याला पडद्याचे मीटर कळत नाहीत, त्याला कोन कळतो. हात समोर ताठ धरा आणि मूठ वळा. त्या मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. खुर्चीत बसल्यावर पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत किती मुठी भरतो, ते मोजायचं. (दिवे मालवायच्या आत मोजा, नाहीतर पुढचा माणूस वळून बघतो.) २० मीटरचा पडदा २८ मीटरवरून, म्हणजे मोठ्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून, जेमतेम ४ मुठी दिसतो. आणि साध्या थिएटरातला १२ मीटरचा पडदा १७ मीटरवरून? तोही ४ मुठीच. म्हणजे 'मागून चांगलं दिसतं' म्हणून शेवटची रांग निवडली तेव्हाच यजमानांनी मोठा पडदा स्वतःच्या हाताने लहान करून घेतला होता. हे त्यांना सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

याच हिशेबाची दुसरी बाजू तुमच्या खिशाच्या फायद्याची आहे. साध्या थिएटरात पाच-सहा रांगा पुढे सरकून तोच १२ मीटरचा पडदा १० मीटरवरून पाहिला, तर तो ६ मुठी भरतो. मोठा पडदा १७ मीटरवरून पाहिला तरी तेवढाच भरतो. सिनेमागृहांची आखणी करणारे ३० ते ४० अंशांना धरून चालतात. मोठ्या पडद्याचा जो 'आत ओढून घेणारा' अनुभव म्हणतात तो ५०-६० अंशांच्या पुढे सुरू होतो, आणि तो तुम्हाला एका पैशाची भर न घालता, फक्त रांग बदलून, साध्या थिएटरातही बऱ्यापैकी मिळतो. मी स्वतः वर्षातले बहुतेक सिनेमे असेच बघते. साध्या थिएटरात, लोक टाळतात त्या पुढच्या-मधल्या रांगेत, बरोबर मधोमध. आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या असतात हा आणखी एक लाभ.

मग जादा पैसे कशाचे? तर जवळ गेल्यावर चित्र विरून जाऊ नये याचे. साधा डिजिटल प्रोजेक्टर बहुधा '२ के' असतो, म्हणजे चित्र आडवं २,०४८ ठिपक्यांत विभागलेलं. १२ मीटरच्या पडद्यावर त्यातला एकेक ठिपका जवळजवळ ६ मिलिमीटरचा होतो. चांगल्या नजरेला १० मीटरवरून एवढा ठिपका ओळखू येऊ शकतो. पाटीवरची अक्षरं, झाडाची पानं, तिरक्या रेषा किंचित दातेरी वाटतात. '४ के' प्रोजेक्टर २० मीटरचा पडदा ४,०९६ ठिपक्यांत भरतो. १७ मीटरवरून तो ठिपका नजरेच्या क्षमतेच्या बरोबर काठावर येतो, त्यामुळे चित्र अखंड वाटतं. म्हणून मोठ्या पडद्यापासून लांब बसणं हा दुहेरी तोटा आहे. कोनही गेला आणि ज्या बारकाव्यासाठी पैसे दिले तोही गेला. अर्थात सिनेमाच २ के मध्ये पूर्ण केलेला असेल, तर प्रोजेक्टर कितीही भारी असून उपयोग नाही.

आता लेकीच्या बाजूने बोलते, कारण तिचा मुद्दा तिला वाटतो त्याहून पक्का आहे. तिला तो नीट मांडता आला नाही, एवढंच.

आयमॅक्स हे नाव आज दारावरच्या पाटीवर दिसतं, पण मुळात ती फिल्मची एक जात होती. कॅनडातली ही कंपनी १९६७ सालची. तिचा पहिला सिनेमा १९७० मध्ये ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात दाखवला गेला आणि पहिलं कायमचं थिएटर १९७१ मध्ये टोरोंटोत उभं राहिलं. ७० मिलिमीटर रुंदीची फिल्म त्यांनी उभी न पळवता आडवी पळवली, एकेक चौकट फिल्मच्या कडेच्या १५ छिद्रांएवढी लांब. त्यामुळे चौकट साधारण ७० बाय ४८ मिलिमीटरची झाली. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीपेक्षा क्षेत्रफळ नऊ-दहा पट. पडदाही तसाच, १.४३ पट रुंद, जवळजवळ चौकोनी, पुढे बसलेल्याला वरची कड सहज दिसू नये एवढा उंच. हे प्रकरण किती अवाढव्य असतं त्याचा अंदाज येण्यासाठी एकच सांगते. २०२३ च्या 'ओपनहायमर'ची अशी एक प्रत सुमारे १८ किलोमीटर लांब आणि पावणेतीनशे किलोच्या घरात वजनाची होती, आणि ती तशी दाखवू शकणारी थिएटरं जगभरात मिळून ३० च्या आसपास.

बाकीची सगळी आयमॅक्स थिएटरं मग काय आहेत? २००८ पासून कंपनीने मल्टिप्लेक्समधली तयार सभागृहं घेतली, पुढच्या काही रांगा काढून पडदा मोठा केला आणि जवळ आणला, दोन २ के प्रोजेक्टर जोडले, आणि पाटी तीच ठेवली. दुसऱ्याच वर्षी इंग्रजी प्रेक्षकांनी त्याला 'लायमॅक्स' म्हणून हिणवलं, लाय म्हणजे खोटं. आपल्याकडे यासाठी 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण तयारच होती. २०१४ च्या अखेरीपासून ४ के लेझर प्रोजेक्टर येऊ लागले आणि परिस्थिती पुष्कळ सुधारली, पण जुनी आणि नवी यंत्रं एकाच पाटीखाली नांदतात. म्हणून तुमचं जवळचं आयमॅक्स लेझरचं आहे की जुन्या झेनॉन दिव्यांचं, हे लेकीला शोधायला लावा. तिचं वय बघता पाच मिनिटांचं काम आहे. जुनं असेल तर दुपटीचा विचार सोडून द्या.

लेझरचं असेल तर पुढचा प्रश्न सिनेमाचा. २००२ पासून साध्या कॅमेऱ्यांवर चित्रित झालेले सिनेमेही संगणकावर प्रक्रिया करून आयमॅक्समध्ये लावतात. मागच्या वर्षीचा तुमचा सिनेमा बहुधा त्यातला. 'आयमॅक्समध्ये प्रदर्शित' आणि 'आयमॅक्ससाठी चित्रित' या दोन शब्दप्रयोगांत तुमच्या घरातलं अख्खं भांडण मावतं. पहिला फक्त पडद्याबद्दल बोलतो. दुसरा सांगतो की निदान काही प्रसंगांसाठी उंच चौकट मुळातच चित्रित केलेली आहे. २००८ च्या 'द डार्क नाइट'मध्ये मोठ्या व्यावसायिक कथापटात पहिल्यांदा आयमॅक्सचे फिल्म कॅमेरे वापरले, तेही सुमारे २८ मिनिटांपुरतेच. ती मिनिटं आली की काळे पट्टे नाहीसे होऊन चित्र वर-खाली उघडतं. इमारतीच्या कडेवर उभा माणूस, खाली रस्ता, वर आकाश, सगळं एकाच वेळी. त्या क्षणी पोटात गोळा येतो तो खरा असतो आणि साध्या पडद्यावर तो येत नाही.

१.४३ च्या चौकटीत चित्रित झालेलं दृश्य २.३९ च्या लांबट पडद्यावर दाखवायचं तर वरचा-खालचा मिळून सुमारे ४० टक्के भाग कापावा लागतो. १.९० च्या आयमॅक्स पडद्यावरही पाव भाग जातोच. म्हणजे लेक म्हणते ते 'न बघणंच' अगदीच हवेतलं नाही. तरीही ते अतिशयोक्तच आहे. सिनेमा साध्या पडद्यावरही लागणार हे चित्रीकरण करणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. माणसं, चेहरे, कथेला लागणारं सगळं ते मधल्या पट्ट्यात सांभाळून ठेवतात. कापलं जातं ते आभाळ, जमीन आणि छाती दडपून टाकणारी उंची. ज्या सिनेमात ती उंचीच गोष्ट सांगते तिथे हा कापलेला भाग महागात पडतो. जिथे चार माणसं खोलीत बसून बोलतात तिथे छत दिसलं काय आणि नाही काय.

म्हणून मी एक प्रश्न विचारते : हा सिनेमा सहा महिन्यांनी घरच्या टीव्हीवर पाहिला तर काय हरवेल? कुजबुज, चेहरे, संवाद घरीही पोचतात, कधी कधी जास्त चांगले. समुद्र, वाळवंट, अवकाश, आग, हजारो माणसांची गर्दी घरी पोचत नाही. माझ्या हिशेबात वर्षाला दोन, फार तर तीन सिनेमे या कसोटीवर उतरतात. तेवढ्यांसाठी मी दुप्पट आनंदाने देते आणि उरलेल्यांसाठी देत नाही.

उजेडाबद्दल फार कोणी बोलत नाही, पण मला तो पडद्याच्या आकारापेक्षा महत्त्वाचा वाटतो. साध्या डिजिटल सिनेमासाठी पडद्याच्या उजेडाचं ठरलेलं प्रमाण ४८ निट आहे (निट हे पडद्याचा उजेड मोजायचं माप). तुमच्या हातातला फोन याच्या कितीतरी पट उजळतो. अंधाऱ्या सभागृहात ४८ पुरेसे असतात. अडचण अशी की तेवढेही नेहमी मिळत नाहीत. झेनॉनचा दिवा जुना होत जातो तसा मंदावतो, आणि तो बदलणं खर्चाचं काम असल्यामुळे काही ठिकाणी शेवटच्या श्वासापर्यंत वापरतात. रात्रीच्या प्रसंगात नुसता काळा गोळा दिसतो आणि आपल्याला वाटतं, दिग्दर्शकालाच अंधार आवडतो. डॉल्बी सिनेमा नावाची जी महाग सभागृहं आहेत, त्यांचा पडदा सहसा आयमॅक्सएवढा मोठा नसतो, पण लेझरचा उजेड १०८ निटपर्यंत जातो आणि काळा रंग खरोखर काळा दिसतो. पडदा पूर्ण अंधारला की 'दिवे गेले की काय' असं क्षणभर वाटावं इतका. अंधारात घडणारा, मेणबत्तीच्या किंवा शहरी रात्रीच्या उजेडातला सिनेमा असेल आणि दोन्ही पर्याय जवळ असतील, तर मी डॉल्बीकडे जाईन. उंची लागत असेल तर आयमॅक्सकडे.

आणि आता तुमचा आवाज. पत्रात तो तुम्ही एका वाक्यात उरकलाय, जणू चोरून खाल्लेली गोष्ट. आवाज आवडणं हे काही कमी दर्जाचं आवडणं नाही. तिकिटातला बराच पैसा तिथेच गेलेला असतो. पडद्याला बारीक छिद्रं असतात आणि मुख्य स्पीकर त्याच्या मागे असतात, त्यामुळे माणूस जिथे दिसतो तिथूनच बोलतो. २०१२ मध्ये आलेल्या डॉल्बी ॲटमॉसने छतावरही स्पीकर लावले. एकेका आवाजाला जागा नेमून देता येते, १२८ पर्यंत वेगवेगळे आवाज आणि ६४ पर्यंत स्वतंत्र स्पीकर. पाऊस डोक्यावर पडतो, हेलिकॉप्टर मागच्या कोपऱ्यातून निघून जातं. लेझर आयमॅक्सची स्वतःची १२ वाहिन्यांची रचना आहे, तिच्यातही छतावर स्पीकर असतात. शिवाय अशा सभागृहांच्या भिंती जाड आणि यंत्रणा ताकदवान, म्हणून शांतता खरी शांत आणि गडगडाट छातीत जाणवणारा. तुम्हाला आवडली ती बहुधा ही शांतताच असेल. साध्या थिएटरात शेजारच्या पडद्यावरचे बाँब आपल्या प्रेमप्रसंगात ऐकू येतात. एक युक्ती सांगते. ॲटमॉस अनेक ठिकाणी साध्या किंवा किंचित जास्त दराच्या पडद्यावरही असतं. आवाज हाच तुमचा आनंद असेल तर बुकिंग करताना ते नाव शोधा, दुप्पट देण्याची गरज कदाचित पडणारच नाही. आवाजासाठीही जागा तीच : मधोमध, पडद्यापासून साधारण दोन-तृतीयांश मागे. सिनेमाचा आवाज जुळवणारी माणसंही साधारण तिथेच बसून तो जुळवतात.

बाकीच्या प्रकारांत मी फार वेळ घालवत नाही. हलणाऱ्या खुर्च्या, अंगावर उडणारं पाणी आणि वारा यांचं तिकीट ज्यांच्या घरात मानेचा त्रास असलेलं माणूस आहे त्यांनी काढायचंच नाही. बाजूच्या भिंतींवरही चित्र दाखवणारा प्रकार एकदा गंमत म्हणून ठीक. थ्रीडीच्या चष्म्यात पडद्याचा बराचसा उजेड गिळला जातो, म्हणून तो सिनेमा मुळात थ्रीडीतच चित्रित झाला असेल तरच विचार करा. आरामखुर्चीचे जादा पैसे देणाऱ्यांना मी हसत नाही, पण ते पैसे पाठीसाठी असतात, पडद्यासाठी नाही. काही ठिकाणी ती खुर्ची इतकी मागे कलते की पडद्याचा खालचा भाग आपल्याच पायांमागे जातो.

तर तुमच्यासाठी बेत असा. पहिला शनिवार सोडा. दुसऱ्या आठवड्यात आठवड्याच्या मधल्या दिवशी मधल्या रांगा मोकळ्या असतात, आणि बऱ्याच ठिकाणी दरही उतरतो. लेकीला सांगा, सिनेमा काही नासत नाही. तिला पहिल्या दिवशीच बघायचा असेल तर मैत्रिणीबरोबर बघू दे, त्या पुढच्या कोपऱ्यात बसून. एकदा मान अवघडली की पुढच्या वेळी ती स्वतःच रांग नीट निवडेल. तुमच्याबरोबर मग दुसऱ्यांदा येईल. न आली तर एक तिकीट वाचलं.

ती पैसे देते म्हणतेय तर देऊ द्या. 'तुझे काय, माझे काय' म्हणून तिचा हात मागे सारू नका. आई-वडिलांना स्वतःच्या पगारातून मोठा पडदा दाखवायची तिची हौस आहे, आणि मला तरी तिच्या सगळ्या हट्टात ती हौसच जास्त दिसते. फक्त अट घाला : खुर्च्या तुम्ही निवडणार.

सासूबाईंच्या बाबतीत त्यांनाच विचारा. त्यांना खरंच यायचंय, की घरात सगळे निघाले म्हणून निघाल्यात? यायचं असेल तर रांग अशी निवडा की नजर सरळ ठेवली तर पडद्याच्या मधल्या भागावर पडेल. म्हणजे त्यांच्यासाठी नेहमीच्या मधल्या रांगेपेक्षा तीन-चार रांगा मागे, आणि कडेला नाही. मोठ्या सभागृहांच्या पायऱ्या उंच आणि अंधाऱ्या असतात. दिवे चालू असतानाच त्यांना जागेवर बसवा. सिनेमातले आवाज क्षणभर १०५ डेसिबलपर्यंत चढू शकतात, म्हणून कानात घालायचे फोमचे बोळे पर्समध्ये ठेवा. आणि त्यांना साध्या थिएटरातच बरं वाटत असेल तर तोच सिनेमा त्यांना तिथे दाखवा, चौघांनी एकाच वेळी एकाच पडद्यासमोर बसलं पाहिजे असं कुठे लिहिलंय?

यजमानांना मात्र न्याच. त्यांना सांगा की काळ्या पट्ट्यांबद्दल ते बरोबर होते आणि एका सदर लिहिणाऱ्या बाईने आकडेमोड करून ते मान्य केलंय. हे वाक्य ऐकल्यावर माणूस बराच मऊ होतो. मग सहज म्हणावं तसं सांगा की या खेपेला शेवटची रांग नको, मधली घेतलीय. बसल्यावर त्यांना मूठ धरायला लावा. सहा मुठी भरल्या आणि तरीही ते 'तेवढंच' म्हणाले, तर पुढच्या वेळी त्यांचं तिकीट साध्या थिएटरचं काढा, त्यात काहीच वाईट नाही. काही लोकांना खरोखर फरक पडत नाही आणि ते पैसे वाचवणारे भाग्यवान लोक आहेत.

आणि दिवे लागल्या लागल्या, खुर्चीतून उठायच्याही आधी, आवाज कसा वाटला ते तुम्ही बोलून टाका. मोठ्याने, ह्यांचं वाक्य यायच्या आत.